दिराची मिशी आन् माजी मनगटं

माजी नात पुण्याला सांध्यांच्या व्यायामाच्या कालेजात गेली, तवा तिचा बाप फी ऐकून दिवसभर बोटांवर हिशेब करत बसला. संध्याकाळी माज्याजवळ येऊन म्हनला, "आई, तू बी जलमभर ह्येच काम केलंस की. तुला शिकाय काय खर्च आला गं?" मी म्हनलं, "मारुतीभावजींची मिशी गेली." त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पन मी खोटं बोलत न्हाई. माज्या शिकन्यापायी जी सगळ्यांत म्हागाची वस्तू गेली ती मिशी व्हती, आन् ती बी माजी न्हवं. नात म्हनली, "आजी, लिहून काढ." माजी शाळा दुसरीपर्यंत. काना-मात्रा चुकला तर तिनं दुरुस्त करावा, मी आपली बोलते तशी लिहिते.

तवा आमी लोनावळ्याला रेल्वेच्या चाळीत ऱ्हायचो. येक खोली, पुढं पडवी, मागं रूळ. मालक सांधेवाले व्हते, म्हंजी येका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर घालायची तर तितला दांडा वढायचा, त्ये काम. घाट चढून आलेल्या गाडीला मागनं रेटनारं इंजिन हितं सुटायचं, आन् सुटताना आसा हिसका द्यायचं की आमच्या फळीवरची भांडी येकमेकीला धडकून भांडल्यावानी वाजायची. मी परंदवडीची, दिली बेडश्याला, आन् लगीन झाल्यावर आले लोनावळ्यात, तवा पयलं वर्षभर मी त्या आवाजाला दचकायचे आन् तवा चुलीवरची भाकर करपायची. तांदळाची भाकर, सुकटीचं कालवन न्हाईतर हुलग्याचं पिठलं, रोजचं त्येच, आन् रोज येक तरी भाकर करपलेली. मालक म्हनायचे, "आज डाक गाडी टायमावर आली वाटतं," आन् करपलेली भाकर पयली आपल्या ताटात घ्यायचे.

मी लय भित्री. इंजिनाला भ्यायची, टिकीट बघनाऱ्याला भ्यायची, शेजारच्या कोंबड्याला भ्यायची, आन् सगळ्यांत जास्त आत्याबाईंना, म्हंजी माज्या सासूला, आन् त्या तर तिकडं बेडश्याला व्हत्या. बोलाय लागले की धाप लागायची. अजून बी लागते, पन आता लोक म्हनत्यात वय झालं. तवा तर मी इशीच्या आतली व्हते.

चंद्री माजी पयली लेक. भिंतीला धरून चालाय लागली आन् तिला ताप भरला. ताप गेला तो डावा पाय संगं घेऊन गेला. वलं फडकं दोरीवर टाकावं तसा तो पाय माज्या कमरंवरनं लोंबायचा. आत्याबाईंनी अंगारा लावला, कोंबडं दिलं, मंग म्हनल्या, "देवाच्या मनात आसंल तवा चालंल."  पन मी बघायची, मालक चंद्रीला मांडीवर घेऊन बसले की तो पाय हळूच उचलून सरळ ठेवायचे, जनू झोपल्यावर निसटलाय.

टेकडीवर येक आरोग्यघर व्हतं. मुंबईची पैशेवाली दुखनाईत मानसं हवा खाया यायची. तितल्या सैपाकघरात मी तांदूळ निवडाय जायची, चंद्रीला पोत्यावर बसवून. येक दिवस लिमयेबाई तितं आल्या. पांढरं लुगडं, पायात बूट, आन् चालनं आसं की वाटंतली मांजरं बाजूला हुयाची. मुंबईच्या दवाखान्यात येका गोऱ्या मेमच्या हाताखाली त्या अंग चोळायचं आन् हातपाय वळवायचं शिकल्या व्हत्या. त्यानी चंद्रीचा पाय हातात घेतला, वाकवला, तळव्याला बोट लावलं, आन् मला म्हनल्या, "हा पाय मेलेला नाही. झोपलाय. रोज उठवावा लागेल."

"मंग उठवा की, बाई."

"मी पावसाळ्याच्या आत मुंबईला परत जाणार. नंतर कोण उठवणार? तू शीक."

मी घाबरत घाबरत म्हनलं, "मला येवडा येक पाय शिकवा."

"एक पाय शिकवता येत नाही. शिकायचं तर सगळं अंग शिकावं लागतं."

झालं, तांदळाचं सूप ठेवलं आन् मी मानसाचं अंग शिकाय लागले. पयल्यांदा बाईंनी मला कनकीच्या गोळ्यावर शिकवलं. अंगठ्यानं कसं दाबायचं, तळव्यानं कसं पुढं न्यायचं, कुटं सोडायचं. मला वाटलं, ह्यात काय, जलम गेला पिठात. पन बाई दर येळी म्हनायच्या, "सगुणा, तू थापतेस. चोळायचंय." मंग येक पारशीन म्हातारी व्हती, आलूबाई, गुडगं धरलेले, ऱ्हांजनावानी पोटऱ्या. तिच्यावर मला सोडलं. माजा हात फिरला की त्या वरडायच्या, "अरे डिकरी, मी काय तुजी रोटली हाय?" पन मलाच बोलवायच्या. म्हनायच्या, ही घाबरते, म्हनून हळू दाबते. भित्रेपनाचा उपेग जलमात पयल्यांदा झाला.

आन् तितंच घोटाळा झाला. बेडश्याच्या जत्रंत आत्याबाईंनी कासाराकडनं माजं हात हिरव्या बांगड्यांनी पार गच्च भरलेले. आलूबाईंची पोटरी चोळताना हात खाटंच्या लोखंडावर आपटला, बांगडी फुटली, काच त्यांच्या पायाला लागली आन् रगत आलं. आलूबाई जेवड्या वरडल्या नसतील तेवडी मी वरडले. बाईंनी पट्टी बांधली आन् हात पुसत म्हनल्या, "उद्यापासून बांगड्या नकोत."

मला वाटलं भुई हालली. "बाई, माजं मालक जित्ते हायेत!"

"मला माहीत आहे. काल भाजी घेताना दिसले की."

मी बांगड्या वर सारून फडकं बांधून बघितलं. तेलानं फडकं घसरायचं. बाईंच्या मनगटाकडं बघून माज्या मनात वाईट इचार बी आला. त्या बालविधवा व्हत्या, हात मोकळेच. वाटलं, ह्येंच्या हातात न्हाईत म्हनून ह्येंना आमच्या बी बघवत न्हाईत. त्यो इचार मी कुनाला बोलले न्हाई. दुसऱ्याच कुनी तरी बोललं, त्ये पुढं येईल.

घरी येऊन मालकांना सांगितलं आन् रडाय बसले. त्ये भाकर खात व्हते. खाऊन झालं, हात धुतला, खोबऱ्याच्या तेलाची वाटी घेतली आन् म्हनले, "आन हात हिकडं." दिवसभर लोखंडाचा दांडा वढनारा मानूस, पन येक येक बांगडी आशी अलगद उतरवली की येक बी फुटली न्हाई. "मी सांधेवाला, आता तू बी सांधेवाली," म्हनले आन् आपल्याच बोलन्यावर हसत बसले. मंग म्हनले, "फकस्त बेडश्याला कळाया नको." म्हंजी बघा, भित्री मी येकटीच न्हवते.

पयल्यांदा मी रोज सकाळी काढायची, सांजच्याला घालायची. त्यात निम्म्या फुटल्या, हात सोलवटले, मंग उरलेल्या डब्यात ठेवल्या. बाहेर पडताना हात पदरात. चाळीतल्या बायांना सांगितलं, तेलाची पुळी आलीया. आन् चंद्रीचा पाय रोज करायची. त्यो काय लगीच जागा झाला न्हाई. पन येक दिवस तिच्या अंगठ्यानं माज्या बोटाला आसं जरासं वर केलं, मुंगी हालावी येवडं. मी श्वास धरून बसले. कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर परत झोपंल आशी भीती.

मंग आले सखाआबा. माजे चुलत सासरे. आरोग्यघराच्या सैपाकघरात आंबेमोहोर घालाया बेडश्याहून आलते. मी मागच्या नळावर हाताचं तेल धूत व्हते, कोपरापर्यंत बाह्या वर. मागं बघितलं तर आबा. मोठ्या सासऱ्यापुढं उघड्या तोंडानं हुबं ऱ्हायचं कसं? मी झटक्यानं पदर तोंडावर वढला. आता बघा काय झालं. कपाळ झाकलं, कुकू झाकलं, गळा झाकला, मनी झाकले. दिसत व्हती ती फकस्त पदर धरलेली दोन मोकळी मनगटं.

आबा हुबेच ऱ्हायले. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मला वाटलं, उकडत आसंल. घटकाभरानं म्हनले, "लय वाईट झालं, पोरी."

मला वाटलं बांगड्यांचं म्हनत्यात. पदरातनं हुंदके देत मी म्हनलं, "माजा काय इलाज न्हवता, आबा."

"तुजा काय दोष. नशिबाच्या म्होरं कुनाचं चालतंय?"

"आत्याबाईंना सांगू नका, आबा, पाया पडते."

आबांनी मुंडाशानं डोळे पुसले. "सांगाया तर लागंल गं. आई हाय ती त्याची."

गेले. तांदळाचं पैशे घ्यायचं बी इसरले. मी धापा टाकत घरी आले आन् मालकांना म्हनलं, आबांनी हात बघितले. मालक म्हनले, "बघितलं तर बघितलं. काय म्हनले?" मी म्हनलं, "लय वाईट झालं म्हनले. रडले पन." मालकांना जरा नवल वाटलं. "बांगड्यांसाठी रडले? आबा कवापास्नं इतके हळवे झाले?"

दुसऱ्या दिवशी मालक रातपाळी करून घोंगडी घेऊन झोपले व्हते. मी पडवीत चंद्रीचा पाय करत व्हते. टेसनाच्या अंगानं रडन्याचा गलका आला. हळूहळू जवळ याया लागला. चाळीतल्या बाया बाहेर आल्या, मी बी आले, बघाया, कुनाच्या घरी काय झालं. तर पुढं आत्याबाई, उर बडवत, मागं दोगी नंदा, त्यांच्या मागं सखाआबा डोक्यावर डालगं घेऊन, आन् त्यांच्या मागं मारुतीभावजी, माजे धाकटे दीर. मी त्यांना वळखलंच न्हाई. डोकं तुळतुळीत. आन् मिशी न्हाई! आख्ख्या पवन मावळात तसली मिशी न्हवती. तालमीतनं येताना त्ये मिशीला लोनी लावायचे, बेडश्याच्या लेन्यांच्या वाटंनं जानाऱ्या परगावच्या बाया वळून बघायच्या. ती मिशी काढली म्हंजी घरात मोठं कुनीतरी गेलं. माज्या मनात आलं, अंथरुनाला खिळलेले मामंजी, माजे सासरे, गेले! मी किंकाळी फोडली आन् आत्याबाईंच्या गळ्यात पडले. आमी दोगी गळ्यात गळा घालून रडतोय. त्या म्हनत्यात, "कसं गं झालं माजे बाये," मी म्हनते, "मला कळवलं का न्हाई वो." त्या म्हनत्यात, "तूच तर न्हाई कळवलंस," आन् अजून मोट्यानं रडत्यात. चाळीतल्या बाया बी रडाय लागल्या. कशासाठी त्ये कुनालाच म्हाईत न्हाई.

त्या गोंगाटानं मालक उठले. घोंगडी पांघरून, डोळे चोळत दारात आले आन् म्हनले, "काय गं? कोन मेलं?"

 आत्याबाई मटकन खाली बसल्या. सखाआबांच्या डोक्यावरचं डालगं हालाय लागलं.

मारुतीभावजी पुढं आले. "दादा, तू न्हाई मेलास?"

"न्हाई बा. रातपाळी व्हती."

भावजींनी नाकाखाली हात फिरवला, मंग आबांकडं बघितलं, आन् म्हनले, "आन् माजी मिशी?"

मी आत्ता हसत हसत लिहितेय, पन तवा कुनी हसलं न्हाई. फकस्त मालक हसले. इतके हसले की घोंगडी पडली. मंग त्यांचं ध्यान डालग्याकडं गेलं. आमच्यात घरात मानूस गेलं की चूल पेटवत न्हाईत, पावन्यांनी आनलेला घास खायाचा, त्याला कडू घास म्हनत्यात. आत्याबाईंनी पिठलं-भाकरी आनलेली. मालकांनी फडकं उचललं आन् म्हनले, "आये, तुज्या हातचं पिठलं लय दिसांनी." आत्याबाई वरडल्या, "आरं मुडद्या, त्यो तुजा कडू घास हाय!" तवर अर्धी भाकर पोटात गेलती. भावजी भिंतीकडं तोंड करून बसले. त्यांच्यापुढं बी मालकांनी भाकर सरकवली, पन त्ये म्हनले, "मला सुतक हाय." कुनाचं, इचारलं, तर म्हनले, "मिशीचं."

मंग त्यो सगळा राग वळला माज्याकडं. आत्याबाईंनी माजं दोन्ही हात धरून उनात धरले. "जित्त्या नवऱ्याच्या बांगड्या उतरवल्यास?" मी सांगाय लागले, पन धाप लागली. त्या म्हनल्या, "बोचकं बांध. आजच्या गाडीनं पोरीला घेऊन बेडश्याला चल. न्हाई तसलं शिकनं आपल्याला नको."

त्या गाडीत बसले आसते तर चंद्रीचा पाय परत झोपला आसता, आन् मंग कदी उठला नसता. ह्ये मला दिसत व्हतं, डोळ्यापुढं ठेवल्यावानी. बाई जानार व्हत्या, मला अजून मांडीचं न्हाई, कमरंचं न्हाई, कायच धड येत न्हवतं. मी जलमात पयल्यांदा आत्याबाईंना उलटं बोलले. लय काय बोलले न्हाई. म्हनलं, "मी न्हाई येनार." आन् येवडं बोलून मीच घाबरून खाली बसले.

आत्याबाईंनी माज्याकडं बघितलं, मंग मालकांकडं. मालक भाकर चावायचं इसरले व्हते. "कुटं हाय ती बया?" आत्याबाई म्हनल्या. "तिलाच इचारते."

समदी वरात टेकडीवर. पुढं आत्याबाई, मी चंद्रीला काखंत घेऊन, मागं मालक, आन् शेवटी भावजी, तोंडाला उपरनं लावून. लिमयेबाई वऱ्हांड्यात व्हत्या. आत्याबाई पायऱ्या चढतानाच सुरू झाल्या. शेवटी म्हनल्या, "तुमच्या हातात न्हाईत, म्हनून माज्या सुनंच्या बी काढल्या व्हय?"

मी मान खाली घातली. माज्या मनातलं त्यांच्या तोंडातनं ऐकलं आन् लाज वाटली. बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मंग म्हनल्या, "माझ्या काढल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या सुनेला मी विचारलंय, आणि तिने कशासाठी काढल्या तेही तिला माहीत आहे. तुम्ही बघा तर खरं." त्यांनी चंद्रीला चटईवर निजवली. "आजी, बसा इथे. तिच्या तळव्याला हात लावा. आणि सगुणा, आता तू कर."

मी गुडग्याखाली हात घातला.  पाय वाकवला, पोटाशी नेला आन् म्हनलं, "चंद्रे, मार." काय न्हाई. "चंद्रे, आज्जीला मार की गं." परत काय न्हाई. आत्याबाई हात काढून घेनार, येवड्यात त्या दचकल्या. हात तसाच धरून ठेवला. त्यांचं तोंड बदललं.

"लाथ मारली," त्या मालकांकडं वळून म्हनल्या. "किसन्या, हिनं मला लाथ मारली रं!" मंग चंद्रीच्या पायाला गाल लावून म्हनल्या, "आजून येक मार, भवाने. मार आज्जीला." येवड्या बाया-बाप्यांना धाकात ठेवनारी बाई, लाथेसाठी पोरीच्या पाया पडत व्हती.

त्या गाडीनं कुनीच गेलं न्हाई. सकाळी आत्याबाईंनी माजा हात धरला आन् मला बाजारात नेलं, तर कासाराच्या दुकानाम्होरनं तशाच पुढं. पिंपळाखाली गोंदनारीन बसायची, तिच्यापुढं मला बसवलं. "हिच्या मनगटाभवती बांगड्या काढ. दोन्ही हातांना. गच्च." मी म्हनलं, आत्याबाई, लय दुखंल. त्या म्हनल्या, "दुखू दे. ह्या वाजायच्या न्हाईत, फुटायच्या न्हाईत, त्या पारशिनीला बोचायच्या न्हाईत. आन् कुनाच्या बापाला काढता यायच्या न्हाईत." सुया टोचत व्हत्या, मी वरडत व्हते, आन् आत्याबाई दुसऱ्या हातानं माजं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरत व्हत्या. हात आसे सुजले की किती तरी दिवस मला काम करता आलं न्हाई. बाई चिडल्या, "हा काय नवीन वेडेपणा?" मंग हळद लावून पट्टी बांधता बांधता त्या हिरव्या रेघांवरनं बोट फिरवत ऱ्हायल्या.

बाई गेल्या तवर मला बरंच आलतं. उरलेलं आलूबाईंच्या गुडग्यांनी शिकवलं. चंद्री दुसऱ्या साली चालली. जरा लंगडायची, पन चालली, आन् लाथ तर आशी मारायची की भावंडं लांब पळायची. मी त्या आरोग्यघरात म्हातारी होईस्तवर काम केलं. भावजींची मिशी परत आली, पन येका अंगाला विरळ. त्यांनी मरेस्तवर त्याचा दोष मला दिला, आन् दर दिवाळीला लोन्याचं येक मडकं वसूल केलं.

आत्याबाई आदीच गेलत्या, आन् आमचे मालक गेले त्याला बी आता बरीच वर्सं झाली. त्या दिवशी बाया रीतीपरमानं बांगड्या फोडाया माज्याजवळ आल्या. येकीनं माजा हात हातात घेतला, पदर वर सारला, आन् तशीच थांबली. काचंची येक बी न्हवती. जुन्या कातडीत हिरव्या रेघा तेवड्या व्हत्या, सुरकुत्यांत वाकड्यातिकड्या झालेल्या.

ती म्हनली, "आता ह्येंचं काय करायचं वो, मावशी?"

मी म्हनलं, "त्या माज्या सासूनं भरल्यात. तिला इचारा."